बाराचा मान

नाना चिडले नाहीत असा दिवस सौदीतल्या रास अल खैरच्या त्या कॅम्पात कोणी पाहिलेला नव्हता. सकाळी चहा पाणचट म्हणून चिडायचे, दुपारी कोणी पाइप तिरका बसवला म्हणून, आणि संध्याकाळी खोलीतला एसी घोरतो म्हणून. समुद्राचं खारं पाणी गोड करायच्या कारखान्यात माणसाचा निम्मा जन्म गेला, पण नाना काही गोड झाले नाहीत, असं पोरं पाठीमागे म्हणायची. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. शुक्रवारच्या सुट्टीत सुरमईचं कालवण नानाच करायचे ना! त्यांना दुखवून खायचं काय, कँटीनची डाळ?

देवरुखच्या पुढचं गाव त्यांचं. तरुणपणी फिटर म्हणून आले, आता फोरमन. हाताखाली दहा माणसं, सगळी कोकणातली. आता कोकणातली अकरा माणसं एका जागी आली म्हणजे गणपतीला सुट्टी अकराही जणांना हवी, हे काय सांगायला पाहिजे? आणि कंपनी सोडणार एकाला. वर्षाची सुट्टी सगळ्यांना मिळायची, पण गणपतीच्या दिवसांत या गँगमधून एकच माणूस जाईल, असा वरून हुकूम होता. कॅम्प बॉस नूरुद्दीन हात झटकून मोकळा. "आपस में तय करो, मुझे एक नाम दो, खलास."

आपसात ठरवायला बसले त्या पहिल्या वर्षी काय झालं ते विचारू नका. एकाची आई आजारी निघाली, तर दुसऱ्याची त्याहून आजारी. एकाच्या बहिणीचं लग्न जमत होतं, तर दुसऱ्याच्या बहिणीचं मोडत होतं. शेवटी दोघं आमटीच्या डावाने एकमेकांना मारायला उठले, आणि नाना भडकले.

"कोणाची आई जास्त आजारी हे मी ठरवू? मी काय डॉक्टर लागून गेलो?" असं ओरडून त्यांनी कोपऱ्यातला लूडोचा खोका ओढला आणि त्यातले फासे काढले. एक पांढरा, दुसरा पांढरा कपाटाखाली गेला होता म्हणून दुसऱ्या खोक्यातला लाल. दोन फाशांची बेरीज कमीत कमी दोन, जास्तीत जास्त बारा. दोनपासून बारापर्यंत आकडे किती? अकरा! आणि माणसं किती? अकरा! नानांना स्वतःलाच भरून आलं. बाप्पानेच बेतून दिल्यासारखं जमलं होतं. एकेकाला एकेक आकडा, फासे एकदाच टाकायचे, ज्याचा आकडा पडेल तो गणपतीला घरी जाईल.

आकडे वाटले मानाप्रमाणे. वयाने सगळ्यांत मोठा त्याला बारा, मग अकरा, मग दहा, असं उतरत उतरत सगळ्यांत धाकट्याला दोन. कोणी नोकरी सोडून गेला तर त्याच्या जागी येईल त्याला त्याचाच आकडा. वर नानांनी दोन नियम घातले. फासे पडायच्या आधी कोणी आपली अडचण सांगायची नाही. आणि दान पडलं ते पडलं, अदलाबदल नाही. त्या दिवसापासून भांडण नाही की तंटा नाही. नानांना या पद्धतीचा इतका अभिमान होता, की कोणी जवळपास "जुगार" शब्द काढला तरी अंगावर जायचे. पत्त्याला हात न लावणारा माणूस तो.

बारा अर्थातच नानांचा. मानाचा आकडा, दुसऱ्या कोणाला कसा द्यायचा? फक्त एवढंच होतं, की तो कधी पडला नाही. फासे सुरू झाल्यापासून एकदाही नाही. पडायचा तो सात. नाहीतर सहा, आठ. सात विनोदकडे होता. विनोद चिपळूणचा वेल्डर, गळ्यात बाप्पाचं लॉकेट. इतक्यांदा गेला होता, की निघताना बॅग भरायचीही नाटकं करायचा नाही. "नाना, मी काही करत नाही हो. बाप्पा मलाच बोलावतो," असं डोळे मिटून म्हणायचा, आणि नानांना वाटायचं याच्या लॉकेटसकट याला समुद्रात बुडवावा.

दर वर्षी फासे पडले की नाना गावी बायकोला, ठकूबाईला, फोन करायचे. "या खेपेला नाही जमत गो. बाप्पाच्या मनात नाही." पलीकडून ठकूबाई "बरं" म्हणायची आणि फोन ठेवायची.

या वर्षी मात्र तसं म्हणून भागणार नव्हतं. नाना चार भावांतले थोरले. घराण्याचा गणपती एक, तो पाळीने एकेका भावाकडे. थोरल्याची पाळी दर चार वर्षांनी आली आणि दर खेपेला नाना इथे पाइपांत अडकलेले. मग धाकटा भाऊ रत्नाकर आपल्या बायकोला घेऊन नानांच्या घरी पूजेला बसायचा, आणि ठकूबाई, जिच्या घरी गणपती, ती आत चुलीशी मोदक वळत राहायची. यंदा परत पाळी आली होती, आणि ती शेवटची. पुढच्या वर्षापासून रत्नाकर गणपती कायमचा रत्नागिरीला आपल्या ब्लॉकमध्ये नेणार, गावात ठकूबाईखेरीज आता कोणी राहत नाही, असं भावांनी ठरवलं होतं. म्हणजे गावच्या घरात, आपल्या पाटावर, बायकोला शेजारी घेऊन बाप्पा बसवायचा तर यंदाच. नानांनी यातलं अक्षर कॅम्पात कोणाला सांगितलं नव्हतं. अडचण सांगायची नाही हा नियम त्यांचाच होता.

आणि नेमका याच वर्षी तो कमलाकर उपटला.

कमलाकर नाशिकचा, कारखान्यातला नवा इंजिनिअर. बायको विद्या नाशकात, हा इथे एकटा. कँटीनचं जेवण घशाखाली उतरेना म्हणून शुक्रवारी नानांच्या कालवणाला येऊ लागला. स्वभावाने गरीब, पण प्रश्न फार. आषाढ संपता संपता एका शुक्रवारी जेवणं झाली, पोरं लवंडली, आणि नाना पुढच्या शुक्रवारसाठी फासे पुसून ठेवत बसले होते. कमलाकरने सगळी पद्धत विचारून घेतली.

"नाना, तुमचा आकडा बारा का?"

"मग काय दोन असेल? डोक्यावरचे केस बघा, साहेब."

"तसं नाही. किती वर्षांत पडलाय?"

"पडेल."

"आणि विनोदचा सात मात्र सारखा पडतो?"

"त्या मेल्यावर बाप्पाची मर्जी आहे."

"मर्जी नाही, नाना. सातला सहा वाटा आहेत. एक-सहा, सहा-एक, दोन-पाच, पाच-दोन, तीन-चार, चार-तीन. बाराला एकच. सहा-सहा."

नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "एक-सहा आणि सहा-एक यात फरक काय? उगाच माणसं फुगवू नका."

कमलाकरने दोन्ही फासे उचलले. "हा लाल, हा पांढरा. लालवर एक आणि पांढऱ्यावर सहा हे एक. लालवर सहा आणि पांढऱ्यावर एक हे दुसरं. दोन वेगळी दानं आहेत. अशी सगळी मिळून छत्तीस. त्यातली सहा विनोदची, एक तुमचं. आणि एक त्या दोनवाल्याचं. गोव्याला मित्राच्या लग्नाला गेलो होतो ना, तिथे बोटीवरच्या कसिनोत याच दोन फाशांचा खेळ—"

"कसिनो?" नानांचा आवाज असा चढला की लवंडलेल्यांतला एक उठून बसला आणि परत आडवा झाला. "माझ्या बाप्पाच्या फाशांना कसिनो म्हणतोस? अरे, कुठल्या मुलखात बसलायस ते तरी बघ! तुझा तो शब्द नूरुद्दीनच्या कानावर गेला तर तुझा इकामा, इथे राहायचा परवाना, जाईल, माझा जाईल, आणि या सुरमईचासुद्धा जाईल!"

नानांनी "साहेब, तुम्ही" सोडून "तू" धरलं म्हणजे पारा वर गेला, हे कमलाकरला अजून ठाऊक नव्हतं. तो आपला सांगतच राहिला. "ऐका तरी. तिथे बारावर पैसे लावले आणि बारा पडलं तर तीसपट देतात. लोकांना वाटतं घबाड मिळालं. पण छत्तीसात एकदा पडणाऱ्या दानाला पस्तीसपट दिलं तर ते बरोबरीचं. मधलं पाच मालकाच्या खिशात. त्याला लबाडी करावी लागत नाही, फासे नुसते पडू द्यायचे. तेवढ्या फरकावर त्याची बोट तरंगते. आणि नाना, तिथे निदान तीसपट तरी देतात. तुम्ही तर फुकट हरताय."

"मग आमच्यात तो मालक कोण?"

कमलाकर जरा घुटमळला. "तसं पाहिलं तर विनोद."

झालं! नानांनी कपाटातून कडव्या वालांचा डबा काढला, खाली वर्तमानपत्र पसरलं, त्यावर दोनपासून बारापर्यंत आकडे लिहिले, आणि म्हणाले, "टाक. तू नको, मीच टाकतो. तुझ्या हाताचा भरवसा नाही." जो आकडा पडेल त्याच्यापुढे एक वाल ठेवायचा. नाना टाकत राहिले. असरची, तिसऱ्या प्रहरची, अजान झाली तरी टाकत राहिले. मधे सातपाशी वालांचा डोंगर झाला, सहा-आठपाशी त्याचे खांदे, आणि दोन्ही टोकांना, दोनपाशी आणि बारापाशी, दोन-चार दाणे केविलवाणे पडलेले. नानांनी फासे बदलून पाहिले, हात बदलून पाहिला, एकदा तर डोळे मिटून बाप्पाचं नाव घेऊन टाकले. सातच!

"शिरा पडो तुझ्या गणितावर," ते म्हणाले आणि भिंतीला टेकले.

चीड विनोदची नव्हती, कमलाकरची नव्हती, स्वतःची होती. मोठा म्हणून मोठा आकडा घेतला! आणि माना डोलावत या दहा जणांनीही दिला! कोणाच्या बापाला वाटलं नाही, की हा आकडा पडत कसा नाही. आणि आपण? फोनवर बायकोला काय सांगत आलो? बाप्पाच्या मनात नाही. बाप्पाचा काय संबंध? बाप्पा बिचारा तिकडे मखरात बसून वाट बघत होता, आणि आपण इथे छत्तीसातलं एक दान धरून बसलो होतो.

"आता सोपं आहे," कमलाकर म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी पद्धत बदला. प्रत्येकाने आपापले फासे टाकायचे, ज्याची बेरीज मोठी तो जाईल. सगळ्यांना सारखी संधी."

"सोपं? तुझं डोकं फिरलंय का? आजवर बदललं नाही ते यंदाच बदलू? यंदा माझी पाळी आहे!" आणि रागाच्या भरात नानांनी त्याला सगळं सांगून टाकलं. गणपती, रत्नाकर, चुलीशी बसलेली ठकूबाई, सगळं. "लोक काय म्हणतील? नानांना गरज पडली तेव्हा नानांना गणित सुचलं! हे कोणाला बोललास तर याद राख. तोंड उघडायचं नाही."

कमलाकरने कबूल म्हणून मान डोलावली.

नाना खरं तर गप्पच बसले असते. बारा पडला नाही तर नाही, अब्रू तरी राहील, असं मनाला समजावत होते. पण दुसऱ्या दिवशी कामावर रोशन फोन पुढे करत आला. रोशन गुहागरचा, सगळ्यांत धाकटा, आकडा दोन. फोनवर त्याची लेक पिंकी. बापाने अजून हातात न घेतलेली, दुपट्यात गुंडाळलेली, डोळे किलकिले करून बघणारी.

"नाना, यंदा दोन पडणार बघा. मी नवस बोललोय."

दोनलाही दान एकच, बाराइतकंच. बोल नवस बाबा, किती बोलायचा तो बोल! फाशांना कान असते तर ना. "कामाला लाग," असं खेकसून त्यांनी त्याला घालवलं, आणि मग दिवसभर ज्याला त्याला टोचून बोलत राहिले.

शुक्रवार उजाडला. जेवणाआधीच नानांनी सगळ्यांना खोलीत गोळा केलं. कमलाकरही आला होता, कोपऱ्यात बसला. नानांनी लाल-पांढरे फासे मधे ठेवले आणि एका दमात सांगून टाकलं, की आपली पद्धत चुकीची आहे, सगळ्या आकड्यांना सारखी संधी नाही, चूक माझी आहे आणि आजपासून बदलायची. कमलाकरने वाल मांडून दाखवले. मग काय गलका उठला म्हणता!

गंमत बघा, वालांचा डोंगर सगळ्यांनी पाहिला, पण ज्याने त्याने आपल्या सोयीने. पाच, सहा, सात, आठ आणि नऊवाले एका सुरात म्हणू लागले, की चाललंय ते काय वाईट, पूर्वापारची पद्धत आहे. दोन, तीन आणि अकरावाले म्हणाले, बदला, आत्ताच्या आत्ता बदला. चारवाल्याला आणि दहावाल्याला त्या बदलाने फारसा फरक पडत नव्हता, ते कालवण कधी मिळणार एवढंच विचारत होते.

विनोदला हे सगळ्यांत जास्त लागलं. लॉकेट मुठीत धरून म्हणाला, "म्हणजे मी काय लबाडीने जात होतो? माझी भक्ती खोटी?"

"भक्ती खरी असेल रे, पण सातला सहा वाटा आहेत," नाना म्हणाले.

"इतकी वर्षं नव्हत्या, त्या यंदाच कुठून आल्या?"

"इतकी वर्षं मी गाढव होतो म्हणून! अजून काय वदवून घ्यायचंय माझ्याकडून?"

"नाना, तुम्ही उगाच काही करणार नाही. यंदाच का, ते सांगा."

नाना क्षणभर अडखळले. आणि त्या क्षणात, नानांची बाजू लंगडी पडते असं वाटून, कमलाकर कळवळून बोलला, "अहो विनोद, त्यांना त्रास देऊ नका. यंदा त्यांच्या घरच्या गणपतीची पाळी आहे. शेवटची. तरी बिचारे बोलत नव्हते."

विनोदने सावकाश मान डोलावली. "हां. आता कळलं."

तेवढंच म्हणाला, पण ते सगळ्यांच्या तोंडावर दिसलं. अकरावाल्यानेसुद्धा नजर खाली घातली. नानांनी कमलाकरकडे असं पाहिलं, की तो भिंतीत शिरता आला असता तर शिरला असता. याला तोंड मिटून बस म्हणून सांगितलं होतं! शिकलेली माणसं, छत्तीस दानं पाठ, पण कुठे काय बोलू नये ते एक ठाऊक नाही. आणि हा विनोद! आणि हे सगळे! ज्यांच्यासाठी आजवर चुलीपुढे घाम गाळला, त्यांना वाटतंय नाना एका सुट्टीसाठी नियम वाकवतो!

"खड्ड्यात गेली पाळी!" नाना गरजले. "माझं नाव काढा यादीतून. मी फासे टाकत नाही. तुम्ही दहा जण टाका, सारखे टाका, मोठी बेरीज येईल तो जा. आता तरी पटलं का, की नानाने स्वतःसाठी गणित केलेलं नाही?"

पटलं. लगेच पटलं. इतक्या लगेच पटलं, की नानांना त्याचाच संताप आला. कोणी "असं करू नका" म्हणेल म्हणून ते थोडा वेळ थांबले, पण बोललेला शब्द नानांचा, तो परत घ्यायला लावायची हिंमत कोणात होती? आणि आपण काय करून बसलो हे नानांना कळेपर्यंत पहिल्याने फासे उचललेसुद्धा होते. अकरातली एक संधी, जी न्यायाने आपली होती, जिच्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला, ती एका वाक्यात फेकून दिली. असली जीभ शत्रूलाही नको.

फासे फिरत गेले. कोणाला पाच, कोणाला आठ, कोणाला परत आठ. मग रोशनची पाळी आली. लाल पाच, पांढरा सहा. अकरा! पोरं ओरडली. रोशन दोन्ही हात डोक्यावर ठेवून नुसता बसून राहिला. जाऊ दे, नाना मनात म्हणाले, निदान हा तरी जाईल, पिंकीला बघेल. आपला वेडेपणा कोणाच्या तरी कामी आला.

शेवटी राहिला विनोद. त्याने लॉकेट कपाळाला लावलं आणि फासे टाकले.

लाल सहा. पांढरा सहा.

बारा!

इतकी वर्षं ज्या आकड्याची वाट बघून नानांचे केस पिकले, तो बारा. ज्या वर्षी तो कोणाच्याच नावावर नाही त्या वर्षी पडला. आणि पडला तो कोणाला? विनोदला! नाना फाशांकडे बघत राहिले. त्यांना हसू येत होतं की रडू, ते त्यांचं त्यांना कळेना. तोंडातून एवढंच निघालं, "अरे देवा, आता तरी पुरे कर."

"तसं दहा जणांत कोणा एकाला तरी बारा पडायची शक्यता चारात एक—" कमलाकर बोलू लागला.

"तोंड मिट!" नाना, रोशन आणि दहावाला एकदम म्हणाले.

विनोदचा चेहरा मात्र उजळला होता. "बघा! म्हटलं नव्हतं? वाटा बदला, फासे बदला, बाप्पा मलाच बोलावतो!" मग त्याची नजर नानांवर गेली आणि आवाज उतरला. "नाना... तुम्ही जा की. माझं काय, मी दोन वर्षांमागे जाऊन आलोय."

एवढं म्हणायला त्याला किती जड गेलं ते सगळ्यांना दिसलं. रोशन मान खाली घालून वाल गोळा करत होता. नानांनी फासे उचलले, डब्यात टाकले, झाकण घट्ट लावलं.

"दान पडलं ते पडलं. नूरुद्दीनला तुझं नाव देतो. चला, ताटं घ्या. कालवण निवतंय."

संध्याकाळी नाना कॅम्पच्या कुंपणाशी, सावलीत जाऊन उभे राहिले आणि गावी फोन लावला. ओठांवर नेहमीचं वाक्य तयार होतं. बाप्पाच्या मनात नाही. पण ते बाहेर येईना. आता ते खोटं आहे हे ठाऊक झालं होतं ना! मग त्यांनी ठकूबाईला सगळंच सांगितलं. फासे, बारा, सहा वाटा, वाल, विनोद, आणि स्वतःची जीभ. सांगता सांगता परत चिडले, कमलाकरला शिव्या घातल्या, विनोदला घातल्या, शेवटी दमले.

नानांना वाटलं फोन कटला.

"म्हणजे," ठकूबाई म्हणाली, "बाप्पा रागावलेला नव्हता?"

"कोण? छे गो. त्याचा काय संबंध?"

"तुम्हीच म्हणायचात. दर वर्षी. त्याच्या मनात नाही म्हणून." तिचा आवाज बारीक झाला होता. "मला वाटायचं घरात माझंच काही चुकतंय. सोवळं चुकतंय, नैवेद्य चुकतोय. पहिल्या पाळीला तुम्ही आला नाहीत ना, तेव्हापासून मी मोदक सोडलाय. तुम्ही माझ्या शेजारी पाटावर बसाल तेव्हाच तोंडात घालीन म्हटलं. सगळ्या घराचे मोदक वळले, पण एक चाखला नाही. रत्नाकर भावोजींची बायको म्हणते, वहिनींना गोड आवडत नाही."

नानांनी कुंपणाची जाळी धरली. "मला कधी बोलली नाहीस ते?"

"काय बोलू? तिकडे तुम्ही उन्हात, आणि इकडे मी सांगू, देव माझ्यावर कोपलाय?" आणि मग एकाएकी ती उसळली. नाना जसे उसळतात तश्शीच. "लूडोचे फासे! मेले लूडोचे फासे! मी इथे उपास धरतेय, बाप्पापुढे नाक घासतेय, आणि तुम्ही तिथे मानाचा आकडा घेऊन बसलाय! कोणी दिला होता हो तो मान तुम्हाला?"

"मीच घेतला होता," नाना म्हणाले.

ठकूबाईने नाक पुसल्याचं ऐकू आलं. मग ती बोलली तेव्हा आवाज कोरडा आणि ठाम होता. "ठीक आहे. यंदा भावोजींना सांगते, तुम्ही बाजूला व्हा. पूजेला मी बसते. शेजारच्या पाटावर तुमच्या नावाची सुपारी ठेवते."

"चालतं?"

"चालतं. घरचा माणूस परदेशी असेल तर सुपारी ठेवतात, भटजींनी मागेच सांगितलं होतं. मलाच धीर झाला नाही. म्हटलं, ज्याचं येणं देवाला नको, त्याच्या नावाची सुपारी देवापुढे कशी ठेवू? आता ठेवते. आणि आरती झाली की पहिला मोदक मी खाणार. कोणाची वाट बघणार नाही."

समोर रस्त्यावरून कारखान्याची बस धूळ उडवत गेली. नानांना बायकोला काहीतरी चांगलं सांगावंसं वाटलं, आणि सुचलं ते हेच.

"जरा मोठी बघून ठेव हो सुपारी. थोरल्याची आहे."

"हाताला येईल ती ठेवीन," ठकूबाई म्हणाली. "मोठेपणाने काय झालं ते बघितलं ना?"